उशाखालची कोयती

१२ जानेवारी, रविवार

आलं एकदाचं चेडू घरात! बोरिवलीहून टॅक्सीने. उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, अक्षताच्या पायांवर पाणी घातलं. सगळा मजला दारात गोळा. शेजारची माधुरी म्हणाली, "वनमाला, नाक अगदी तुझं गं!" माझं कसलं, माझं नाक नकटं. पण बरं वाटलं. आमच्या गावाकडे मुलीला चेडू म्हणतात, सून हसते त्या शब्दाला. हसू दे. नाव प्रांजल ठेवलंय, ते मला अजून जिभेवर बसत नाही.

सौरभ मात्र बॅगा धरून उभा. बॅगा! स्वतःची पोर तीन महिन्यांची होऊन पहिल्यांदा घरी येतेय आणि बाप लिफ्टपाशी हमालासारखा. अक्षता म्हणाली, "घे ना रे हिला, पाठ मोडली माझी." तर म्हणतो, हात घाण आहेत. धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेला तो पाहुणे जाईपर्यंत बाहेर नाही.

पाळण्यातल्या गादीखाली सासूची कोयती ठेवली, फडक्यात गुंडाळून. गंजून धार कधीच गेली, पण लोखंड ते लोखंड. पोराच्या उशाशी असलं की वाईट फिरकत नाही. बोरिवलीला काहीच ठेवलं नव्हतं म्हणे. विहीणबाई शिकलेल्या! सौरभच्या वेळीही हीच होती. तेव्हा सारखी गायब व्हायची. कधी माळ्यावर सापडायची, कधी घासलेटच्या डब्यामागे. सासू म्हणायची, घरात काहीतरी फिरतंय, त्याला लोखंड सोसत नाही. शेवटी मी ती गोधडीतच शिवून टाकली. परत नाही हरवली.

१५ जानेवारी, बुधवार

विळी नाही! ऑफिसवाल्यांचे डबे भरायची वेळ, फरसबी समोर पडलेली आणि विळी जागेवर नाही. माधुरीची आणली, तिला धार नाही, बोटं दुखली. डबे उशिरा गेले. पवईच्या ऑफिसातला एक पोरगा फोनवर म्हणतो, "काकी, आज आम्हाला उपास का?" वर हसतो मेला.

दुपारी सापडली. वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. सौरभला विचारलं. म्हणतो, "ती रांगायला लागेल ना आई." मान धरत नाही अजून नीट ती, आणि रांगायला लागेल म्हणे!

१६ जानेवारी

सुऱ्याही नाहीत. बटाट्याचं सोलाणंसुद्धा!

१९ जानेवारी, रविवार

आज बोरन्हाण. काय हौसेने केलं होतं सगळं! काळं झबलं, हलव्याचा मुकुट, बाजूबंद. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, चॉकलेटं. खालची-वरची पोरं ताटाभोवती टपून बसलेली. विहीणबाई जयंतीबाई चांदीचा वाळा घेऊन आलेल्या.

अक्षता म्हणाली, "बापाच्या मांडीवर बसव, फोटो काढू." आणि दिली ठेवून. सौरभने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले. दाबून. पोर मांडीवर नुसती टेकलेली, धरायला हात नाहीत! मी ओरडले, "अरे धर तिला!" त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. ओठ हलत होते, आवाज नाही. मांडीवर साप पडल्यासारखा उठलाच एकदम. जयंतीबाईंनी वरच्या वर झेललं म्हणून, नाहीतर... तो अनवाणी जिन्याने खाली. बोरं त्याच्या मागे पायऱ्यांवरून टणाटण. पोरांना मजा वाटली, तीही पळाली वेचायला.

जयंतीबाई बघत राहिल्या माझ्याकडे. मग म्हणाल्या, "वनमालाताई, मुलगी झाली म्हणून का हो हे?"

मी बरी गप्प बसेन! म्हटलं, "आमच्यात मुलगी झाली म्हणून कोणी तोंड पाडत नाही. तुमच्या लेकीलाच विचारा काय बिनसलंय." अक्षता रडायला लागली. हलव्याचा मुकुट कोणीतरी पायाखाली तुडवला. तिळगूळ वाटायचा राहिला तो राहिलाच.

२० जानेवारी, सोमवार

कोणाला सांगू? कोणाला नाही. म्हणून या डायरीत. माधुरीच्या नवऱ्याला कंपनीतून दोन मिळालेल्या, एक माझ्याकडे फेकली. चौथीनंतर आज जास्त लिहितेय.

हा बापावर गेलाय. बस. दुसरं काय?

त्यानेही सौरभला कधी उचललं नाही. धाकू नाव त्याचं. भांडुपच्या कंपनीत होता, मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायचा. दिवसा झोपायचा तोही गॅलरीत, घरात नाही. मी म्हणायचे, "अहो, घ्या ना जरा, मला भात उतरवायचाय." ऐकू न आल्यासारखा चालायला लागायचा. आणि पोरगा चार महिन्यांचा असताना एक दिवस पिशवी भरली. भांडण नाही, काही नाही. "गावाक जातंय. पोराक सांभाळ." झालं. अजून गावात आहे, एकटा. मी सगळ्यांना सांगितलं, शेती बघायला गेलाय. कसली शेती! दुसरी बाई असणार, दुसरं काय कारण असतं माणसाला? कोणी पाहिली नाही ती, पण असणारच.

सौरभच्या लग्नाला आला. मागच्या खुर्चीवर बसला. न जेवता गेला.

आता लेक तेच करणार. आणि सगळे मलाच विचारणार, तुमच्या घरातले पुरुष असे कसे हो!

२३ जानेवारी, गुरुवार

डोकं उठलंय. कालपासून सौरभ एकच विचारतो, "आई, ती श्वास घेतेय ना?" घेतेय. "नक्की ना? बघ ना." बघितलं, घेतेय! पाणी प्यायला जातो, परत येतो. "मी मघाशी पाळण्यापाशी गेलो होतो का?" नाही गेलास. "मी काही केलं नाही ना?" काय करणार आहेस तू, हात तरी लावतोस का तिला! खेकसलेच. तो उलट शांत झाला. थोडा वेळच. परत आला, "आई, ती श्वास घेतेय ना?"

गॅलरीच्या खिडक्या बंद करून त्यांना दोरी बांधलीय. मी म्हटलं, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो म्हणून असेल. वास आज नव्हताच.

माधुरी म्हणते, "ओसीडी असेल गं, टीव्हीत दाखवतात तसं." मी म्हटलं ते काय? तर म्हणे सारखे हात धुतात ते लोक, टाइल्स मोजतात. आमचा कुठे हात धुतो? उलट तिला हात लावायचा नाही म्हणून हात घाण आहेत सांगतो. माधुरीला काय, टीव्ही बघून डॉक्टर झालीय.

२६ जानेवारी, रविवार

सौरभला भांडुपला नेलं. तिथल्या बाईच्या अंगात येतं. येत नव्हता, हात धरून ओढत नेला. अक्षताला सांगितलं, मावशीकडे जातोय.

बाई घुमली. म्हणाली, गावचा चाळा आहे, भुताची बाधा. बापाच्या वाटेने आलाय, पोरीवर नजर आहे त्याची. मला तर घामच फुटला! म्हटलं, करू काय? म्हणाली, उशाशी लोखंड वाढव. एकाने भागत नाही. नारळ दिला, कोंबडा कबूल करून आले.

सौरभ रिक्षात दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. घर आल्यावर नुसतं म्हणाला, "आई, लोखंड नको." मी म्हटलं, बघ! चाळाच बोलतोय.

कोयतीशेजारी सासूचा अडकित्ता ठेवला. आणि मोठी कात्री.

२८ जानेवारी, मंगळवार

गेला.

पाळण्याची चादर बदलताना अक्षताने गादी उचलली, सौरभ मागे उभा. ते तिन्ही त्याने बघितलं आणि ओरडला... तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कोयती, अडकित्ता, कात्री, सगळं फडक्यासकट उचललं आणि खाली कचऱ्याच्या पिंपात. "मी सांगितलं होतं ना तुला! सांगितलं होतं ना!" आणि चप्पल घालून चालता झाला. मालाडला त्याच्या ऑफिसातला सर्वेश राहतो, त्याच्या खोलीवर आहे.

अक्षताने बॅग भरली. मी म्हटलं, "तू कुठे?" म्हणाली, "आई, तो स्वतः येऊन मला काय ते सांगत नाही तोवर मी बोरिवलीला. आणि नाहीच सांगितलं तर कायमची. मी काय तुमच्यासारखी भात शिजवत वाट बघणार नाही."

तोंडावर बोलली. खरं बोलली म्हणून जास्त लागलं.

मी खाली जाऊन पिंपातून कोयती काढून आणली. धुतली, तेल लावलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

मालाडला गेले. स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे बसलो. दाढी वाढलेली, डोळे आत. चहावर साय धरली तरी पीत नाही. वेटर जवळ आला की गप्प व्हायचा. तुकड्यातुकड्यांनी बोलला.

"तू कोयती ठेवू नकोस."

"का?"

"मला दिसतं."

"काय दिसतं?"

"मी तिला... आई, तिला बघितलं की डोक्यात येतं. सुरी असली तर सुरी. गॅलरी असली तर गॅलरी. मला नकोय ते. मी ढकलतो, ते दुप्पट येतं. मग मनात देवाचं नाव घेतो, ठरलेलं, ते मध्ये तुटलं की परत पहिल्यापासून. ऑफिसात दिवसभर तेच. तिच्यापासून लांब राहिलो तर ती वाचेल ना?"

 माझी खुर्ची मागे सरकली. मी सरकवली नाही, सरकली. त्याने ते बघितलं.

घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले. काय जन्माला घातलं मी? राक्षस? ज्याच्या गळ्यात ताईत बांधून बांधून मोठा केला तो?

२ फेब्रुवारी, रविवार

अक्षताला फोन करून सगळं सांगितलं. लपवून काय करू, तिची पोर आहे. म्हटलं आता ही पोलिसांत जाईल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणून सुऱ्या लपवत होता?"

"हो."

"म्हणजे तिला वाचवत होता तो. स्वतःपासून."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आई मी आहे त्याची, आणि हे तिला सुचलं! ती लॅबमध्ये काउंटरला बसते, डॉक्टर लोक ओळखीचे. म्हणाली, गुरुवारी पालिकेच्या हॉस्पिटलात जाऊ. मी म्हटलं, वेड्यांच्या ओपीडीत? म्हणाली, "हो आई, तिथेच. भांडुपच्या बाईकडे झालं ना जाऊन? सर्वेशने सांगितलं मला."

६ फेब्रुवारी, गुरुवार

पदर डोक्यावरून ओढून बसले होते, कोणी ओळखीचं बघायला नको. तर समोरच्या बाकावर आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी! त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनी माना फिरवल्या.

डॉक्टर पोरसवदा, धम्मपाल नाव. सौरभशी आधी एकट्याशी बोलले, मग आम्हाला आत बोलावलं. मला म्हणतात, "मावशी, सौरभ लहान असताना तुम्ही त्याला घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्यात, तेव्हा मनात कधी आलं नाही, हा हातातून सुटला तर? मीच टाकला तर?"

 आलं होतं. कोणाला सांगणार? मी पदर आणखी पुढे ओढला.

म्हणाले, "सगळ्यांना येतं. आपण शी म्हणतो आणि भात उतरवायला जातो. याला जाता येत नाही. ओसीडी म्हणतात याला."

म्हटलं, "ते हात धुणारे?"

"हात धुणारे पण. कोणी कुलूप परत परत ओढून बघतं, कोणी मोजत राहतं, कोणी वस्तू सरळ रेषेत लावत बसतं. कोणाच्या डोक्यात असे घाणेरडे विचार येतात, नेमके त्याला जे सगळ्यात जास्त प्यारं त्याच्याबद्दल. विचार नको असतो, तो येतो. भीती वाटते. भीती घालवायला माणूस काहीतरी करतो, सुरी लपवतो, देवाचं नाव घेतो, आईला विचारतो. घटकाभर बरं वाटतं. की परत. ज्याला खरंच इजा करायची असते तो असा रडत येत नाही, मावशी. हा तिला हात लावत नाही तो तिच्यावर जीव आहे म्हणून."

मग मेंदूचं सांगितलं. पुढच्या बाजूला म्हणे वॉचमनसारखा एक भाग आहे, काही चुकलं की शिटी मारतो. आत खोलात दुसरा भाग, तो सांगतो, बघितलं, झालं, बस कर. याची शिटी बंदच होत नाही. दोघांमध्ये निरोप नुसता गोल फिरत राहतो. सेरो-काहीतरी रसायनाचं पण नाव घेतलं, ते मला लिहिता येत नाही. गोळी त्याच्यावर काम करते, पण लगेच नाही, दोन-तीन महिने धरा म्हणाले. आणि बोलून करायचे उपचार, त्याला वेगळी बाई आहे.

मी विचारलं, "कशाने झालं? माझं काही चुकलं?"

"कोणाचंच नाही. थोडं रक्तातून येतं, घराण्यात असतं. मग बाळ होतं, झोप तुटते, काळजी वाढते, की वर येतं. बायकांना होतं तसं बापांनाही. तुमच्या घरात आणखी कोणाला होतं?"

"आमच्याकडे वेडा कोणी नाही."

"वेडा मी म्हटलं नाही, मावशी."

"माझ्या माहेरी कोणी नाही."

"आणि यांच्या वडिलांकडे?"

"त्यांचं नाव काढायचं नाही." असं म्हटल्यावर सौरभने मान खाली घातली.

कोयतीचं अक्षताने सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, चिडलेच. "बाळाच्या गादीखाली? ती आजच काढा. याच्यासाठी नाही, बाळाला लागेल म्हणून!" मी म्हटलं, काढली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काढली कुठे? गोधडीत शिवली. चौपदरी फडक्यात बांधून, मधोमध, वर नक्षीचा टाका घातला. कोणाच्या बापाला कळणार नाही. पोर परत आली की गोधडी पाळण्यात.

त्यांच्या गोळ्या त्यांच्यापाशी, माझं लोखंड माझ्यापाशी. त्या डॉक्टरचं वय काय, माझ्या सासूची कोयती काय!

१६ फेब्रुवारी, रविवार

सौरभ मालाडहून आधीच आलाय. गोळीने मळमळतं, जेवण जात नाही. आज अक्षता आली, पोर घेऊन. उंबऱ्यातच म्हणाली, "आई, मी तुमच्यासाठी नाही आले, याच्यासाठी आलेय. नियम डॉक्टरांचे चालतील."

नियम काय तर त्याने विचारलं, "ती श्वास घेतेय ना?" की उत्तर द्यायचं नाही. हो नाही, नाही पण नाही. उत्तर दिलं की आजाराला खाऊ दिल्यासारखं म्हणे. अक्षता म्हणते, "माहीत नाही रे." आणि कपड्यांच्या घड्या करत राहते. तो भिंतीला टेकून घामाघूम. बघवत नाही. मी हळूच म्हटलं, "घेतेय रे बाबा." अक्षताने असं बघितलं माझ्याकडे!

कसले हे उपचार? पोराला तडफडत ठेवायचं आणि आपण घड्या करायच्या!

१९ फेब्रुवारी

काही फरक नाही. डॉक्टर नुसते बोलघेवडे.

२ मार्च, रविवार

आज कोबी त्याने चिरला. त्या उपचारवाल्या बाईने पायऱ्या लिहून दिल्यात. सुरी नुसती बघायची, मग हातात धरायची, मग पोर त्याच खोलीत असताना काहीतरी चिरायचं. देवाचं नाव घ्यायचं नाही, पळायचं नाही. भीती चढेल तेवढी चढू द्यायची, तीच उतरते म्हणे.

अक्षता पलंगावर पोर मांडीवर घेऊन. सौरभ खाली, पाट, सुरी, कोबी. कोबी हातातून घरंगळला. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मुद्दाम नाही. पाय गेले.

अक्षता म्हणाली, "आई, बाजूला व्हा. तुम्ही मध्ये उभ्या राहिलात की त्याला वाटतं, त्याचं डोकं खरंच बोलतंय."

झाले बाजूला. अर्धीच. लिहून ठेवते, इथे खोटं कशाला, डॉक्टरांनी सांगितलेलं मला सगळं कळलंय आणि माझा विश्वास नाही. माझ्या पोटच्या पोरावर नाही. ती खुर्ची अजून मागेच सरकलेली आहे.

चिरला त्याने. जाडाभरडा, गुरांना घालतात तसा. मी तोच डब्यात घातला. पवईचा पोरगा म्हणाला, "काकी, आज काय कुऱ्हाडीने चिरलात?"

११ मार्च, मंगळवार

शिमग्याची पिशवी आली. दरवर्षी येते, गावच्या गाडीवाल्याबरोबर. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं. वर चिठ्ठी नाही, काही नाही. यंदा तळाशी लाकडाचं खेळणं, हाताने तासलेलं. कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्यात की कुठे बोटाला काही लागत नाही.

पीठ पाठवलं की बाप होतो का? आणि आता आजोबा व्हायला निघालाय! खेळणं माळ्यावर टाकलं. कुळथाची पिठी केली, ती मात्र सगळ्यांनी ओरपली.

१६ मार्च, रविवार

उचलली!

मी भाकऱ्या थापत होते. पोर रडत होती, अक्षता आंघोळीला. मी ओरडणार, तोवर गप्प झाली. वळून बघते तर सौरभच्या खांद्यावर. डोळे गच्च मिटलेले, पण दोन्ही हात तिच्या पाठीला. ती त्याचा कान चघळतेय. तवा करपला.

मग मला म्हणाला, "विचार येतोय आई. आत्ता पण येतोय. येऊ दे."

नंतर पाळण्यात ठेवायला गेला आणि थांबला. "कोयती खरंच काढलीस ना?"

"काढली रे."

अक्षता बाहेर आली होती, तिने लगेच दटावलं, "उत्तर नाही द्यायचं, आई." मी म्हटलं बरं. तिला काय कळणार मला किती बरं वाटलं ते.

२० मार्च, गुरुवार

ओपीडी. डॉक्टर खूश. आणि परत तेच, "मावशी, यांच्या वडिलांचं कळलं तर बरं होईल. घराण्यात कोणाला होतं, कशाने उतार पडला. उद्या प्रांजलला मोठेपणी काही झालं तर तुम्हाला असं भांडुपपासून सुरुवात करावी लागणार नाही." टोमणा! पण चेडवाचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर अक्षताने फोन पुढे केला. नंबर तिच्याकडे होता. लग्नापासून आहे म्हणे, सणावाराला फोन करते त्याला! माझ्या घरात राहून! मी म्हटलं, "मला त्या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही." म्हणाली, "मग नका बोलू. नुसतं विचारा."

२३ मार्च, रविवार

फोन केला. तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळे खाली बागेत गेलेले. पाळण्यापाशी उभी राहून केला.

"मी वनमाला."

नुसता श्वास पलीकडे. मी ठरवलेलं एका दमात बोलले. सौरभला आजार निघालाय, पोरीला हात लावत नव्हता, डॉक्टर विचारतात तुमच्या घरात कोणाला काय होतं का. कसला आजार, डोक्यात काय येतं, ते काही सांगितलं नव्हतं अजून. मध्येच बोलला. आवाज म्हातारा झालाय.

"कोयती खंय आसा?"

माळा, घासलेटचा डबा... म्हणजे तेव्हा ती लपवणारा हाच!

"गोधडेत शिवलंस?" माझा हात पाळण्यातल्या गोधडीवर गेला. मग, "उसव ती. तेव्हा पण शिवलेलंस. एकदाच पोराक उचललंय, तेव्हा हाताक लागली माका."

तेवढंच. तीस वर्षांपूर्वी एवढंच बोलला असता तर! फोन तसाच कानाला, पलीकडे तो होता अजून. मी गोधडी ओढली आणि टाके दातांनी तोडले.